अर्धाच पाहिलेला मोगली

मैत्रिणींनो, कार्टूनवर लिहिते आहे म्हणून हसू नका.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' लागायचं. मालिका मूळची जपानी. हिंदीतलं शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. पलूस तेव्हा तासगाव तालुक्यात होतं. आमच्या गल्लीत टी.व्ही. दोनच, त्यातला एक आमच्या सोप्यात. सगळी पोरं दाटीवाटीनं बसायची. एकही भाग चुकवला नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं ती मालिका पुन्हा लावली. वेळ दुपारी एकची, म्हणजे नेमकी भाकऱ्यांची! मी हट्टानं आधीच सगळं उरकून बसले. चार दिवसांत ध्यानात आलं, की गाणं पाठ आहे, सुरुवात आठवते, पण पुढचं कितीतरी मी पहिल्यांदाच बघते आहे. शेजारी बसलेला भाऊ मात्र संवाद आधीच म्हणून दाखवत होता. दोघं एकाच टी.व्ही.समोर वाढलो होतो.

मग उलगडा झाला. रविवार म्हणजे न्हाण्याचा, धुण्याचा, सारवणाचा दिवस. गाणं संपलं की आतून हाक यायची. "पाणी आलंय, घागर लाव." "चुलीत जाळ सार." "दादाला च्या दे." मी उठायची, परत यायची, "काय झालं रं?" विचारायची, की पोरं "गप की" म्हणून डाफरायची. भावालाही कामं होती, पण ती मालिका संपल्यावर. हाक मारणारी आईच होती, पण तिच्यावर तरी राग कसा धरू? ती टी.व्ही.समोर निवांत बसलेली मला आठवतच नाही.

खेळातही तेच. भाऊ मोगली, मी लांडगी आई. काम काय, तर कडब्याच्या गंजीआड, म्हणजे गुहेत, बसून राहायचं. मोठेपणी किपलिंगचं १८९४ चं पुस्तक हाती आलं. त्यात ही आईच शेरखानला गुहेच्या तोंडाशी आडवी जाते, पोर माझं आहे म्हणून ठणकावते, आणि तो वाघ गुरगुरत मागे फिरतो. तिचं नाव रक्षा. हे तेव्हा कळलं असतं तर मी गंजीआड कशाला बसले असते!

कॅथा पॉलिट या अमेरिकन लेखिकेनं १९९१ मध्येच दाखवून दिलं होतं, की मुलांच्या कार्यक्रमांत पोरांचं टोळकं असतं आणि त्यात एखादीच मुलगी. खरं आहे. पण पडद्यावरच्या मुली मोजून भागणार नाही. पडद्यासमोर सलग कोण बसतं, तेही मोजायला हवं.

आपल्या बैठकांत मजुरी, सातबारा, दारू यांवर बोलणं होतं, ते व्हायलाच हवं. मुलीच्या अर्ध्या तासाचा विषय काढला की आपल्यातल्याच काहीजणी "हे शहरी खूळ" म्हणतात. मला ते पटत नाही. एक कान कायम आत ठेवायला शिकलेली मुलगी अभ्यासाला तशीच बसते आणि पुढे ग्रामसभेतही तशीच. आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते वाचायला त्या काळच्या बाया वेळ कुठून काढत असतील?

गेल्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागं बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आगं, आमच्या वक्ताला रामायण लागायचं. म्हशीची धार काढायची, पोरांस्नी न्हाऊ घालायचं. सीतेचं शेवटाला काय झालं, ते मी कीर्तनातच ऐकलं. टी.व्ही.त काय दावलं हुतं गं?"