‘८४७ एरर सापडले’

रजिस्ट्री क्लीनर हे निरुपयोगी सॉफ्टवेअर आहे. ‘जपून वापरलं तर चालतं’ असं नाही, ‘थोडाफार फरक पडतो’ असंही नाही. निरुपयोगी, आणि वर धोक्याचं. इतकं सरळ लिहितोय कारण ज्यांना हे माहीत आहे ते माझ्यासारखे लोक वर्षानुवर्षं आपापसात हसून गप्प बसतात, आणि ज्यांना माहीत नाही ते पैसे भरतात. आणि पैसे भरणाऱ्यांचा लॅपटॉप बहुतेक वेळा घरातला एकमेव लॅपटॉप असतो.

आधी रजिस्ट्री म्हणजे काय ते बघू. विंडोज ३.१ मध्ये, १९९२ साली, ती पहिल्यांदा आली. तेव्हा बहुतेक प्रोग्राम आपापली सेटिंग्ज आयएनआय नावाच्या सुट्या फायलींत ठेवायचे. विंडोज ९५ पासून यातलं बरंचसं एका ठिकाणी यायला लागलं: कोणत्या फाईलवर डबल क्लिक केलं की काय उघडायचं, प्रिंटरचा ड्रायव्हर कुठे आहे, वॉलपेपर कोणतं. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला की त्याच्या काही नोंदी मागे राहतात. इथपर्यंत क्लीनरवाले खरं बोलतात.

गडबड पुढच्या वाक्यात आहे. या उरलेल्या नोंदींमुळे कॉम्प्युटर स्लो होतो म्हणे. आपल्याला हे लगेच पटतं, कारण साफसफाई ही गोष्टच मुळात आपल्याला पुण्याची वाटते. दिवाळीआधी माळा आवरला की घर मोकळं वाटतं, तसंच हेही असणार. पण रजिस्ट्री म्हणजे माळा नाही. ती तलाठ्याच्या दप्तरासारखी आहे. तुम्ही गट नंबर सांगता, तलाठी त्या पानावर जातो आणि सातबारा काढून देतो. शेजारच्या पानावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव अजून तसंच आहे, याचा तुमचा उतारा मिळायला लागणाऱ्या वेळेशी काही संबंध नसतो. (तुमच्या उताऱ्याला उशीर लागत असेल तर त्याची कारणं वेगळी, आणि ती आपल्या सगळ्यांना माहीत आहेत.)

आकड्यांत सांगतो. विंडोज रजिस्ट्री पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. ती झाडासारखी रचलेली असते आणि प्रत्येक पातळीवर नावं क्रमाने लावलेली असतात. दहा लाख नावांच्या क्रमवार यादीत एक नाव शोधायला साधारण वीस तुलना लागतात. त्यातली हजार नावं उडवा, तरी वीसच लागतात. आता आकारमान बघा. क्लीनरने ८४७ नोंदी शोधल्या आणि एक नोंद दोनशे बाइटची धरली, तर सगळं मिळून पावणेदोनशे केबीच्या आत. व्हॉट्सॲपवर काकांनी पाठवलेला गुड मॉर्निंगचा एक फोटो एवढा भरतो. आणि या नोंदी उडवल्या तरी रजिस्ट्रीची फाईल तेवढ्याने लगेच लहान होत नाही. मोकळी झालेली जागा आतच पडून राहते, पुढच्या नोंदींसाठी.

या समजुतीला एके काळी थोडा आधार होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्री मेमरीच्या एका मर्यादित भागात ठेवली जायची आणि तिच्या आकारावर बंधन होतं. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं रेगक्लीन नावाचं टूल होतं, ते त्यांनी नंतर मागे घेतलं. एक्सपीमध्ये, २००१ साली, ती रचना बदलली आणि ते बंधन गेलं. विंडोजच्या आतड्यांची खडान्‌खडा माहिती असलेल्या मार्क रुसिनोविच यांनी २००५ मध्येच लिहून ठेवलं की रजिस्ट्री कितीही फुगली तरी कामाच्या वेगावर तिचा परिणाम नगण्य. मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिकाही स्पष्ट आहे: रजिस्ट्री क्लीनर वापरायला आमचा पाठिंबा नाही, आणि त्यातून काही बिघडलं तर जबाबदारी आमची नाही. म्हणजे ज्या आजारावर हे औषध विकलं जातंय तो आजार एक्सपीनंतर उरलाच नाही. औषध मात्र दर वर्षी नव्या वेष्टनात येतं.

‘बरं, फायदा नसेल, पण नुकसान तरी काय?’ असं विचारणारे असतात. नुकसान आहे. एखादी नोंद मेलेली आहे हे क्लीनर ठरवतो कसं? बहुतेक वेळा एवढंच बघतो की नोंदीत दिलेल्या पत्त्यावर आत्ता फाईल आहे का. तुमचं सॉफ्टवेअर एक्स्टर्नल ड्राइव्हवर असेल आणि ती ड्राइव्ह आज जोडलेली नसेल, तर ती नोंद त्याच्या लेखी मेलेली. कुटुंब ऊसतोडीला गेलंय, घराला कुलूप आहे, म्हणून मतदार यादीतून नाव उडवण्यासारखं आहे हे. आणि परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तीन आठवड्यांनी कुठलं तरी बटण दाबल्यावर कुठला तरी एरर येतो, आणि तोवर क्लीनर चालवल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

‘पण तो आधी बॅकअप घ्यायचा का विचारतो.’ विचारतो. एक फाईल बनवून देतो, जिच्यावर डबल क्लिक केलं की नोंदी परत येतात. विंडोज सुरूच झालं नाही तर डबल क्लिक कुठे करणार? पूर्वी विंडोज स्वतः रजिस्ट्रीची एक प्रत रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, जागा वाचवण्यासाठी तेही आपोआप होणं बंद झालं. सिस्टम रिस्टोअर अनेक लॅपटॉपवर बंदच असतं. खालची जाळी काढून झाली आहे, आणि वर कसरती चालू आहेत.

माझा मावसभाऊ डिप्लोमाला आहे. गेल्या वर्षी त्याने लॅपटॉप स्लो झाला म्हणून तालुक्याच्या एका दुकानात दिला. बिल सातशे रुपयांचं, आणि त्यावर हाताने लिहिलेलं, ‘रजिस्ट्री क्लीनिंग व सर्व्हिसिंग’. मी त्याला व्हिडिओ कॉलवर टास्क मॅनेजर उघडायला लावला. डिस्क १०० टक्के. चार जीबी रॅम, फिरणारी जुनी हार्ड डिस्क, आणि लॅपटॉप सुरू होताना आपोआप उठणारे चौदा प्रोग्राम. त्यातला एक म्हणजे दुकानदाराने टाकून दिलेला क्लीनर.

फिरणारी हार्ड डिस्क इकडचे-तिकडचे तुकडे वाचायला लागली की सेकंदाला शंभराच्या आतच वाचनं करू शकते, कारण प्रत्येक वेळी काटा हलवावा लागतो आणि तबकडी फिरून खाली येण्याची वाट बघावी लागते. साधी एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो वाचनं करते. त्या लॅपटॉपचा रोग हा होता. ते सातशे रुपये एसएसडीच्या खात्यात जायला हवे होते. ते गेले ८४७ नावाच्या आकड्याला. माझा राग दुकानदारावर कमी आहे, त्यालाही कुणीतरी हेच शिकवलंय. राग आहे तो आकडा बनवणाऱ्यांवर.

कारण हा आकडा कसा बनतो ते कागदोपत्री आलेलं आहे. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची तपासणी होती. सुरुवातीला चार प्रश्न: कॉम्प्युटर मंद झालाय का, व्हायरसच्या सूचना येतात का, वारंवार बंद पडतो का, पॉपअप येतात का. यातल्या एकावर जरी खूण केली, तरी शेवटी व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेला. स्कॅनमध्ये काय दिसलं याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबत तडजोड होऊन ऑफिस डेपो आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने मिळून साडेतीन कोटी डॉलर भरले. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. घाबरवून पैसे मागणाऱ्या क्लीनरना धोकादायक समजून काढून टाकायचं, असं मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने मार्च २०१८ पासून ठरवलं, ते काही उगाच नाही.

यातल्या नावाजलेल्यांचीही गोष्ट ऐका. सीक्लीनर हे लाखोंच्या विश्वासातलं. २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी आपला कोड घुसवला आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचली. असा हल्ला कुठल्याही सॉफ्टवेअरवर होऊ शकतो, मान्य. पण ज्याची गरजच नाही अशा गोष्टीला ॲडमिनचे अधिकार देऊन घरात का घ्यायचं?

हे वाचणारे बरेच जण म्हणतील, आम्ही फोनवरच असतो, आमचा काय संबंध. फोनवर त्याचं नाव बूस्टर असतं. ॲनिमेशनमध्ये रॉकेट उडतं आणि ‘६१२ एमबी रॅम मोकळी’ असं येतं. अँड्रॉइड जवळची ॲप्स मुद्दाम मेमरीत ठेवतं, लागेल तशी स्वतःच काढतं. तुम्ही जबरदस्तीने बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उठतं, आणि त्यात बॅटरी जास्त जाते. क्लीन मास्टर हे असलंच एक अफाट खपाचं ॲप. फेब्रुवारी २०२० मध्ये जाहिरातींच्या गैरप्रकारांवरून गुगलने ते प्ले स्टोअरवरून काढलं. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्येही ते होतं, त्याचं कारण वेगळं. त्याच्यासारखी डझनभर अजून आहेत.

आता उरला शेवटचा युक्तिवाद, ‘अरे पण माझा खरंच फास्ट झाला.’ झाला असेल. ही टूल्स रजिस्ट्रीसोबत टेम्पररी फायली उडवतात, सुरुवातीला उठणारे प्रोग्राम बंद करतात, आणि शेवटी रीस्टार्ट मागतात. या तिन्हींचा परिणाम होतो, आणि तिन्ही गोष्टी विंडोजमध्ये फुकट आहेत. श्रेय मात्र रजिस्ट्रीला जातं. नोंदी साठल्यामुळे खरंच अडचण आलेली उदाहरणंही आहेत. विंडोज सर्व्हर २०१६ वर अनेक जण एकाच मशीनवर लॉगिन करत असतील, तर प्रत्येक लॉगिनमागे फायरवॉलचे नियम रजिस्ट्रीत साठत जायचे आणि लॉगिन रखडायचं. त्यावर मायक्रोसॉफ्टने उपाय दिला, तो नेमक्या त्याच नोंदींसाठी. कारण सापडलं, मग तेवढीच जागा साफ केली. ८४७ ठिकाणी झाडू मारत सुटले नाहीत.

तरीही कुणाला आपला क्लीनर सिद्ध करून दाखवायचा असेल तर रस्ता सोपा आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स नावाचा लॉग असतो. त्यात इव्हेंट १०० मध्ये बूट व्हायला किती मिलिसेकंद लागले ते लिहिलेलं असतं. फास्ट स्टार्टअप बंद करा, तीनदा बूट करा, आकडे लिहून घ्या. मग क्लीनरमधलं बाकी सगळं बंद ठेवून फक्त रजिस्ट्री साफ करा आणि पुन्हा तीनदा मोजा. आणि हो, आधी पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर करून ठेवा.