अठरा गेले, सतरा आले

“बाई, या वर्षी प्रकल्प म्हणून सायकलची शर्यत घेऊ का?” नववीतल्या मुलांनी विचारलं, तेव्हा मी वह्या तपासत होते आणि घरी कुकर लावायला उशीर होतोय ही टोचणी मनाला होतीच. “घ्या की,” म्हणून मी मोकळी झाले. मला वाटलं, मैदानाभोवती चार फेऱ्या मारतील. त्यांच्या डोक्यात होती माउंटन बाइकची शर्यत, म्हणजे माळावरून, दगडगोट्यांतून!

या शर्यतीचं मूळही मुलांनीच शोधून आणलं. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही पोरं जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगर उतरू लागली. उतारावर ब्रेक इतके तापत, की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तो पहिल्याच वेळी पुरुषांचा आणि बायकांचाही. ही शेवटची ओळ मी लक्षात ठेवली. ती पुढे कामाला आली नाही, ते सांगतेच.

आम्ही साताऱ्याचे, तेव्हा मुलांचं पहिलं म्हणणं अर्थातच “कासला जाऊ!” तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं. जांभ्या खडकावर मातीचा थर तो केवढासा! त्यातून दरवर्षी ती फुलं वर येतात. पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते आपण चाकं फिरवावीत म्हणून नव्हे. मुलं दोन दिवस रुसली. मग गावाबाहेरचं गायरान आणि त्याला लागलेली पाणंद धरून तीन किलोमीटरचा वळसा त्यांनीच आखला. तीन फेऱ्या. वळसा असला की प्रत्येक मूल तीनदा डोळ्यांसमोरून जातं. लांबच लांब एकेरी वाटेपेक्षा हे बरं.

परवानग्यांसाठी किती खेपा झाल्या, विचारू नका. ग्रामपंचायत, मुख्याध्यापक, शेतकरी. एक आजोबा म्हणाले, “हरभऱ्यात चाक गेलं तर सायकल इथंच ऱ्हाईल.” शर्यतीच्या दिवशी तेच काठी घेऊन बांधावर उभे राहिले. त्यांच्या वळणावर कुणी वाट सोडली नाही!

हेल्मेटं जमली अठरा, मुलं छत्तीस. म्हणून अठरा-अठराचे दोन गट केले. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, मागे सरकवलेलं कामाचं नाही. आणि एकदा आपटून तडा गेलेलं तर घालूच नये. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची. चाक फिरलं की ती बाद. अशा चार बाद झाल्या. त्यांच्या स्वारांना पहिल्या गटातल्यांनी आपल्या सायकली दिल्या.

आता त्या मुलीचं. पाच मुलींत सगळ्यांत तयार ती, पण संमतीपत्रावर आईची सही नाही. मी घरी गेले. ऑलिंपिकचं सांगितलं. आई भाकरी थापत शांतपणे म्हणाल्या, “ते खरं हो बाई, पण तोंडावर पडली, दात तुटला, तर तिला बोल कुणी लावायचे? मलाच ना?” यावर मला उत्तर सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, पडण्याची शक्यता होतीच. मी म्हटलं, “मग तुम्ही या. शेवटच्या रेषेवर नंबर टिपायला मला खात्रीचं माणूस हवंय.” त्यांनी पीठाचा हात पुसला आणि सही केली.

डिसेंबरातला रविवार. केळी, चिक्की, मीठ-साखर-लिंबाचं पाणी. आमच्या ह्यांना गाडी घेऊन रिकामं उभं राहायला सांगितलं होतं, वेळ आली तर दवाखान्यात न्यायला. ते पेपर वाचत बसले. दोन गुडघे फुटले, ते स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी बांधली. पहिला गट नीट परतला. त्यात ही मुलगीही होती, मुलींत पहिली.

दुसरा गट आला, टाळ्या झाल्या, मुलं केळ्यांवर तुटून पडली. तेवढ्यात त्या आई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाई, अठरा गेले, सतराच आले. अकरा नंबर नाही.”

माझ्या पोटात गोळा आला. ओढ्याच्या उतारावर मी कुणालाच उभं केलं नव्हतं. जवळच तर आहे, असं म्हणून! ती चूक माझीच. मुलांना दोघादोघांनी वाटेवर पाठवलं, हे गाडी घेऊन रस्त्याने गेले, मी ओढ्यात उतरले. चाळीस मिनिटं. झुडपामागे काहीही हललं की छातीत धस्स व्हायचं.

अकरा नंबर सापडला त्याच्या घरी, वरणभात जेवताना! दुसऱ्या फेरीत साखळी तुटली, लाज वाटली, म्हणून पाणंदीतूनच परस्पर सायकल ढकलत गेला. मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. शर्यत सोडणाऱ्याने आधी रेषेवर येऊन नंबर परत द्यायचा, हे आम्ही त्याला सांगितलं कुठे होतं? प्रकल्पाच्या वहीत मुलांनी ते आता लाल शाईने लिहिलंय, आणि ओढ्यावर दोन माणसं, हेही.

सोमवारी त्या आई मधल्या सुट्टीत शाळेत आल्या. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय! पण त्यांनी पिशवीतून मुलीची सलवार काढली. घोट्यापाशी साखळीचं काळं ग्रीस. डाग धुऊन गडद झाला होता. त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते : आधी पाणी लावू नका. खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवा, ग्रीस सुटलं की जुन्या फडक्याने टिपा. मग भांडी घासायचं पातळ साबण कोरडंच चोळा आणि कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्याने धुवा. धुतलेल्या डागालाही दोनदा केलं की बराचसा जातो. आणि पुढच्या वेळी उजव्या पायाला रबर लावा.

“पुढच्या वेळी” म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते काही मला कळलं नाही.