जेजेतली चित्रे भिंतीवर येऊ द्या
१८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता आवारातल्या दालनात जुन्या संग्रहातली चित्रे आलटूनपालटून, वर्षभर लागली पाहिजेत. आलटूनपालटूनच, कारण कागदावरचा जलरंग उजेडाने उडतो आणि उडालेला परत येत नाही. ५० लक्सच्या मंद उजेडात काही महिने, मग अंधारात विसावा. पण विसावा म्हणजे अडगळ नव्हे! चित्रकार धुरंधर इथेच शिकले, इथेच शिकवू लागले. त्यांच्या चित्रातल्या नऊवारीची चुणी छापील पुस्तकात कळत नाही. कुंचला कुठे ओला होता, कुठे सुकत आला होता, हे हातभर अंतरावरूनच दिसते. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते दिसावे, आणि सीएसएमटीला गाडी पकडायला निघालेल्या कुणालाही. तिकीट मात्र लावू नका.