कोस्मिन्स्की, पण नेमका कोण?

जॅक द रिपरचं कोडं अखेर सुटलं, अशी बातमी दर काही वर्षांनी मोबाइलवर फिरते. बऱ्याचदा तिच्यात एकच नाव असतं, एरन कोस्मिन्स्की. पण हे नाव मुळात आलं कुठून, ते पाहिलं की बातमीतला ठामपणा बराच खाली येतो.

१८८८ साली ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच स्त्रियांचे खून झाले. रशियन साम्राज्यातून जीव मुठीत धरून आलेले गरीब ज्यू याच भागात दाटीवाटीनं राहत. असलं काम इंग्रज माणसाचं नव्हेच, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. जॉन पायझर या बूट बनवणाऱ्या ज्यू कारागिराला पोलिसांनी धरलं. तो त्या रात्री दुसरीकडे होता हे कळल्यावर सोडलं. भिंतीवर खडूनं ज्यूंविषयी लिहिलेला मजकूर तर दंगलीच्या भीतीनं पोलीस आयुक्तांनीच पुसायला लावला.

१८९४ मध्ये स्कॉटलंड यार्डचे अधिकारी मॅकनॉटन यांनी एका टिपणात तीन संशयित नोंदवले. त्यातला एक पोलिश ज्यू, कोस्मिन्स्की. फक्त आडनाव! तो मार्च १८८९ च्या सुमारास मनोरुग्णालयात गेला, असं टिपण सांगतं. १९१० मध्ये निवृत्त अधिकारी रॉबर्ट अँडरसन यांनी आठवणींत लिहिलं की खुनी पोलिश ज्यू होता, साक्षीदारानं त्याला ओळखलंही होतं, पण साक्षीदारही ज्यू असल्यानं त्यानं साक्ष नाकारली. नाव मात्र दिलं नाही. ते सापडलं तपासाची सूत्रं सांभाळणाऱ्या स्वॉन्सन यांच्याकडच्या प्रतीत, पेन्सिलीच्या टिपणांत. तिथेही नुसतं कोस्मिन्स्की! तो मनोरुग्णालयात गेल्यावर लवकरच वारला, असं स्वॉन्सन लिहितात. ही टिपणं १९८७ मध्ये लोकांसमोर आली.

त्याच सुमारास अभ्यासक मार्टिन फिडो यांनी मनोरुग्णालयांची जुनी रजिस्टरं चाळली. हाती लागला तो एरन, एक न्हावी. तो दाखल झाला फेब्रुवारी १८९१ मध्ये आणि वारला १९१९ मध्ये. दोन्ही तारखा अधिकाऱ्यांशी जुळत नाहीत. त्याच्या नोंदी वाचून मला तरी कणवच येते: दुसऱ्यानं दिलेलं अन्न खायचा नाही, गटारातले पावाचे तुकडे उचलायचा. बहिणीला सुरी दाखवल्याचंही लिहिलंय, पण एवढ्यावरून कुणी रिपर ठरत नाही. त्यातच डिसेंबर १८८९ च्या एका वृत्तपत्रात एरन कोस्मिन्स्कीला कुत्र्याच्या तोंडाला जाळी न लावल्याबद्दल दंड झाल्याची बातमी आहे. मूळ आडनाव लिहायला अवघड म्हणून आपण कधीकधी अब्राहम्स लावतो, असं त्यानं कोर्टात सांगितलं. हा तोच एरन असेल, तर तो तेव्हा मोकळाच फिरत होता.

फिडो यांचा संशय दुसऱ्यावर गेला. डेव्हिड कोहेन नावाचा हिंसक रुग्ण डिसेंबर १८८८ मध्ये दाखल होऊन पुढच्याच वर्षी वारला. तारखा बऱ्याच जवळ येतात, पण आडनाव वेगळं! इंग्रज कारकुनांनी परकी नावं नीट नोंदवली नसतील, असा त्यांचा तर्क.

मग शालीवरच्या डीएनएचं काय? ती शाल खून झालेल्या कॅथरिन एडोज यांची होती, याचा पोलिसांच्या कागदांत पुरावा नाही. शिवाय आईकडून येणारा तो डीएनए असंख्य लोकांत सारखाच असतो.

एरनवर खटला कधीच चालला नाही. मार्च १९१९ मध्ये, अठ्ठावीस वर्षं मनोरुग्णालयांत काढून तो गेला आणि ईस्ट हॅमच्या ज्यू दफनभूमीत त्याला पुरलं.