आळीचा नकाशा झाला, माणसांचा कधी?

गावठाणाची मोजणी आता नवलाची राहिलेली नाही. २०२० साली स्वामित्व योजना आली. हद्दीवर चुन्याचे पट्टे मारले, वर ड्रोन फिरला आणि ज्या घराला कधी सातबारा नव्हता, त्याला मिळकत पत्रिका मिळू लागली. चांगलंच झालं. घरावर कर्ज काढायचं तर बँकेपुढे ठेवायला कागद आला.

पण या नकाशात दिसतो तो चौकोन आणि त्याचा क्रमांक. तिथं कोण राहत होतं, काय कसब करत होतं, हे ड्रोनला वरून कसं दिसणार? कित्येक गावांत कासार आळी हे नाव उरलंय, कासार उरला नाही.

कारागिराचं असंच होतं. पेशवाईत पुण्याचा इंग्रज वकील मॅलेट याच्याकडे एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची विद्या शिकला. पुढं मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली अशाच पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. पटवर्धनांचं नाव राहिलं. ज्यानं उलटी अक्षरं एकेक करून कोरली, त्या तांबटाचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

लांब कशाला, घरातलाच माळा बघा. जुन्या पितळी हंड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव सापडेल. कुठं गाव, कुठं साल, कुठं लेकीला आंदण दिल्याची खूण. भांड्यावर नाव घालणाऱ्यानं छिन्नी-हातोडीनं केलेली आळीची ही शिरगणतीच म्हणायची. आज तीच भांडी किलोवर मोडीत जातात. भांडं वितळलं की नावही वितळतं.

म्हणून सरपंचांना आणि ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो त्या अधिकाऱ्यांना विनंती, की एक साधी वही घाला. नमुना आठचा घर क्रमांक, तिथं आधी कोण राहायचं, धंदा काय, भाडेकरू कोण, मुंबईला कोण गेलं, एवढंच लिहा. शाळेची पोरं म्हाताऱ्या माणसांना विचारून भरतील. भांड्यांवरची नावं उतरवून घ्या. सासुरवाशिणींची नावं सोडू नका. वेशीबाहेरची वस्तीही याच वहीत हवी. तिथल्या हातांशिवाय गाव कधी चाललंच नाही.

मात्र ही वही मालकीचा पुरावा नव्हे, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा, नाहीतर भाऊबंदकीला नवं निमित्त मिळेल. ज्याला सांगायचं नाही, त्याला आग्रह नको. भरून झाली की ग्रामसभेत वाचून दाखवा, चुकलं असेल ते लोकच दुरुस्त करतील.

ड्रोन पुन्हा आणता येईल. पारावरची म्हातारी माणसं गेली, की ती कुठून आणणार?