झाडं लावली म्हणजे माती धुतली असं नव्हे



गायरानात कुणी राख टाकतं, कुणी भंगार जाळतं, कुणी फुटक्या बॅटऱ्यांचा चुरा ओतून जातं. पारधी पेढीवरून ओरड झाली की साहेब म्हणतात, "इथं झाडं लावू, झाडं विष ओढून घेतात." हे बोलणं अर्धं खरं आहे. आम्हाला काळजी उरलेल्या अर्ध्याची आहे.

खरं आहे ते आधी सांगतो. मोहरी, सूर्यफूल, एरंडी ही पिकं मातीतलं कॅडमियम, जस्त, थोडं शिसंही मुळांवाटे घेतात. वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात, म्हणजे विषारी धूळ उडत नाही, पावसात वाहून ओढ्यात जात नाही. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीज खाणीच्या मातीचे उघडेबोडके ढिगारे होते. नागपूरच्या नीरी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यात साखर कारखान्याचा प्रेसमड मिसळला, मुळांना साथ देणारी बुरशी आणि जिवाणू दिले, मग झाडं लावली. ढिगारे हिरवे झाले. नुसती रोपं खुपसून फोटो काढला आणि झालं, असं तिथं घडलेलं नाही. प्रेसमड तर आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांतही निघतो.

आता उरलेलं अर्धं. शेण कुजतं, शिसं कुजत नाही. झाडानं धातू ओढला म्हणजे तो मातीतून निघून पाल्यात, खोडात बसला. तो पाला शेळीनं खाल्ला तर काळजात आणि दुधात उतरतो. चुलीत घातला तर धुरात आणि राखेत येतो. म्हणून असं पीक कापून घातक कचऱ्याच्या ठिकाणी न्यावं लागतं. तळोज्याला, रांजणगावला तशी ठिकाणं आहेत. तिथवर वाहतूक कोण करणार, हे साहेब सांगत नाहीत. शिवाय झाड साफ करतं ते मुळं पोचतात तेवढंच, आणि त्यालाही वर्षानुवर्षं लागतात. आपली काळी, चुनखडीची माती शिसं घट्ट धरते. ते विहिरीत लवकर उतरत नाही हे बरं, पण झाडालाही सहज मिळत नाही. आणि वाळा माती धरतो, धुत नाही. लावणाऱ्याला यातलं नेमकं कोणतं काम करायचं आहे, ते आधी विचारा.

एवढी वर्षं ती जमीन कुणाच्या नावावर राहणार? आमच्या मनातला खरा प्रश्न हा आहे. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या कितीतरी घरांची प्रकरणं अजून धूळ खात पडली आहेत. तिथं एकदा तारेचं कुंपण आणि वृक्षारोपणाचा बोर्ड लागला की कसणारा बाहेर आणि घाण टाकणारा मोकळा. विष त्यानं टाकायचं आणि जमीन आम्ही सोडायची, हा कुठला न्याय? राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगितलं आहे की घाण करणाऱ्यानंच जमीन-पाणी सुधारण्याचा खर्च द्यायचा. तरी कंपनी टाळत राहिली आणि २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा व्याजासकट भरायला सांगावं लागलं. निकाल हाती असूनही गावानं किती वाट पाहायची ते यावरून कळतं.

माती परीक्षणाचं म्हणाल तर सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह, तांबं वगैरे. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक त्यात नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणून जमीन निर्विष आहे असं कुणी म्हटलं तर मानू नका. ग्रामसभेत ठराव घ्या आणि या धातूंची वेगळी तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी मागा. झाडं लावायची असतील तर ग्रामसभेच्या मंजुरीनं लावावीत, कापणी-वाहतुकीचा खर्च घाण करणाऱ्याकडून घ्यावा, आणि कसणाऱ्याचा हक्क अबाधित राहील हे कागदावर यावं. जिथं वनजमीन आहे तिथं वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल आणि पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे, तोही ठरावात लिहा.

अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात पालक, माठ, तांदुळजा लावू नका, पालेभाज्या हे धातू लवकर ओढतात. शेळ्या सोडू नका. आणि भंगारात आलेली बॅटरी अंगणात फोडू नका. शिसं लहान लेकरांच्या मेंदूवर जातं. पाच-दहा रुपये कमी मिळाले तरी ती अख्खीच विका.