गर्भवतीच्या कानी तिचा हक्कही घाला

'किलकारी' ही केंद्र सरकारची दूरध्वनी-संदेशसेवा २०१६ साली सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०२४ साली मराठीतून आली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे बहात्तर ध्वनिसंदेश मातेसाठी आहेत. निरक्षर स्त्रीसही ते ऐकता येतात, हे योग्यच झाले.

परंतु बंधुभगिनींनो, तो फोन वाजतो कोणाच्या खिशात? निमोण्यातील ज्या घरी एकच मोबाईल आहे, तेथे तो घेऊन नवरा रांजणगावच्या कारखान्यात गेला, म्हणजे लोहाच्या गोळ्यांचा उपदेश यंत्रांच्या खडखडाटात त्याच्याच कानी पडावयाचा!

आणि नुसता उपदेश काय कामाचा? १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतिभत्त्याच्या बिलास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेबांनी, मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे प्रतिपादिले होते. प्रश्न पैशाचा होता, आजही आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे चौथे कलम किमान सहा हजार रुपये सांगते, तर मातृवंदना योजना पहिल्या अपत्यास पाच हजारच देते. उरलेले दुसऱ्या योजनेतून मिळतात, हे सरकारी उत्तर. अशी जुळवाजुळव कायद्यास अभिप्रेत आहे, असे मला वाटत नाही.

सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषध, आहार व जाण्यायेण्याचे वाहन २०११ पासून विनामूल्य आहे. हे, आणि नाकारल्यास दाद कोठे मागावी तेही, संदेशात वारंवार सांगितले पाहिजे. तोवर नोंदणीच्या दिवशी क्रमांक कोणाचा लिहिला, ते भगिनींनी स्वतः वाचून वा वाचवून घ्यावे.